बातमीखाली सही कोणाची?

ऑगस्ट २०२२मध्ये स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त घरोघरी तिरंगा फडकत होता. त्याच सुमारास पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातील बोटोशी गावच्या मर्कटवाडी पाड्यावरून एक चित्रफीत बाहेर आली. अकाली प्रसूत झालेल्या मातेची जुळी अर्भके दगावली होती आणि रस्ता नसल्यामुळे त्या मातेला झोळीत घालून तिचे आप्त सुमारे तीन किलोमीटरची निसरडी वाट तुडवत होते. समाजमाध्यमांवरून ती चित्रफीत राज्यभर फिरली, वाहिन्यांनी आणि वृत्तपत्रांनी तिची दखल घेतली आणि काही दिवस मोखाड्याचे नाव शहरी घरांतून उच्चारले गेले.

अशा प्रत्येक प्रसंगानंतर प्रस्थापित पत्रकारितेच्या वर्तुळात एक प्रश्न हमखास विचारला जातो. ज्यांच्यापाशी अधिस्वीकृती पत्रिका नाही, ज्यांच्यामागे संपादक नाही, ज्यांनी वृत्तकक्षाची पायरी चढलेली नाही, अशा लोकांच्या लिहिण्यावर आणि दाखवण्यावर विश्वास ठेवायचा कसा? आधी ब्लॉगलेखकांविषयी विचारला गेलेला हा प्रश्न आता भ्रमणध्वनी हाती असलेल्या प्रत्येक तरुणाविषयी विचारला जातो. प्रश्न उद्दामपणाने विचारला जात असला, तरी तो निराधार नाही. म्हणूनच त्याचे उत्तर भावनेच्या भरात न देता, नीट विचार करून द्यावयास हवे.

डोंगरातील बातमीचा प्रवास

जव्हार आणि मोखाडा हे मुंबईपासून फार दूर नसलेले तालुके. मोखाड्यातील कोचाळे येथे बांधलेल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईच्या नळांना येते आणि त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशा जनजातींची ही भूमी. भाताची आणि नाचणीची कापणी आटोपली की असंख्य कुटुंबे वीटभट्ट्यांच्या आणि बांधकामांच्या कामासाठी घरदार सोडतात. अशा भागात पूर्ण वेळ, पूर्ण वेतनावर प्रतिनिधी नेमणे बहुतेक वृत्तपत्रांना परवडत नाही. तालुक्याचा वार्ताहर हा बहुधा तुटपुंज्या मानधनावर आणि जाहिरातींच्या कमिशनवर काम करणारा, उपजीविकेसाठी दुसरा व्यवसाय सांभाळणारा गृहस्थ असतो. ज्या ठेकेदाराने रस्ता अर्धवट सोडला त्याच ठेकेदाराची दिवाळी अंकाची जाहिरात त्याला मिळवायची असते. ही व्यवस्थेची कुचंबणा आहे. तिचा दोष त्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही.

तरीही याच भागातील बातमीने शासनाला हलवल्याची उदाहरणे आहेत. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यू वृत्तपत्रांतून राज्यासमोर आले, तेव्हा सुधाकरराव नाईक यांच्या शासनाला या दुर्गम प्रदेशाकडे वळून पाहावे लागले. पुढे जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आले. सप्टेंबर २०१६मध्ये मोखाड्यातील खोच येथे कुपोषणाने झालेल्या मृत्यूनंतर तत्कालीन आदिवासी विकासमंत्री विष्णू सवरा यांना संतप्त ग्रामस्थांना सामोरे जावे लागले आणि त्या वेळचे त्यांचे उद्गार राज्यभर गाजले. सवरा हे याच मतदारसंघाचे प्रतिनिधी, याच मातीतील जनजातीय कार्यकर्ते होते. पण बातमी आपल्या पक्षाच्या मंत्र्याला अडचणीची आहे म्हणून ती खोटी ठरत नाही. कोंबडे झाकून ठेवले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्याने तर हे सर्वांत आधी मान्य केले पाहिजे. कारण पाड्यावरच्या मुलाचा जीव हा त्याच्या दृष्टीने पक्षाच्या प्रतिमेपेक्षा मोठा असला पाहिजे.

तोच भ्रमणध्वनी, तीच वाट

मात्र नाण्याची दुसरी बाजूही याच जिल्ह्याने पाहिली आहे. एप्रिल २०२०मध्ये टाळेबंदीच्या काळात डहाणू तालुक्याच्या कासा परिसरात मुले पळवणाऱ्या आणि दरोडे घालणाऱ्या टोळ्या फिरत असल्याच्या कंड्या पिकल्या होत्या. वनवासी गावांत मदतीसाठी गेलेल्या एका डॉक्टरवर जमावाने हल्ला केला. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ एप्रिलच्या रात्री, गडचिंचले येथे कल्पवृक्षगिरी महाराज, सुशीलगिरी महाराज आणि त्यांचे वाहनचालक यांची पोलिसांदेखत निर्घृण हत्या झाली. ज्या निरोपांनी गावेच्या गावे रात्रभर जागवली, त्यांच्याखाली कोणाचे नाव होते? ती वार्ता प्रथम कोणी दिली, कोणत्या गावातील मूल पळवले गेले, ते कोणी पाहिले? यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर नव्हते, आणि तरीही त्या वार्तेवर माणसे उठली.

हत्येनंतरचे चित्रही समाधानकारक नव्हते. गडचिंचल्याला न जाता दिल्ली-मुंबईच्या वातानुकूलित कक्षांतून निष्कर्ष काढले गेले. कोणी पुराव्याआधीच मारेकऱ्यांची ओळख जाहीर केली, तर कोणी 'केवळ अफवेचा बळी' असे म्हणून साधूंच्या हत्येची गंभीरता पातळ करण्याचा प्रयत्न केला. त्यात ओळखपत्रधारी पत्रकारही होते आणि स्वयंघोषित विश्लेषकही. उतावळेपणाच्या बाबतीत दोघांत फरक करणे कठीण होते.

मर्कटवाडीची वार्ता आणि कासा परिसरातील अफवा या दोन्ही एकाच प्रकारच्या यंत्रावरून प्रवास करत्या झाल्या. मग माध्यमावरून विश्वासार्हता कशी ठरवणार? छापील अक्षर खरे आणि समाजमाध्यमावरील खोटे, ही विभागणी जितकी भाबडी, तितकीच 'माध्यमे विकली गेली, खरे फक्त आपल्या गटात येते' ही समजूतही भाबडी आहे.

बारीक टायपातील ती ओळ

कोणत्याही वृत्तपत्राच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात एक ओळ असते : मुद्रक अमुक, प्रकाशक अमुक, संपादक अमुक, पत्ता अमुक. वाचक ती क्वचितच वाचतो. इंग्रजांच्या १८६७च्या कायद्याने ती सक्तीची केली, कारण दंडुका कोणावर उगारायचा हे सरकारला ठाऊक हवे होते. परंतु भारतीय पत्रकारितेने त्या ओळीला वेगळाच अर्थ दिला. लिहिलेल्या शब्दाची जबाबदारी घेणारा माणूस कोण आणि तो कुठे सापडेल, हे ती ओळ सांगू लागली. लोकमान्य टिळकांनी १८९७ आणि १९०८ साली राजद्रोहाच्या शिक्षा भोगल्या त्या या जबाबदारीपोटी.

त्याहूनही बोधप्रद प्रसंग 'केसरी'च्या अगदी आरंभीच्या काळातील आहे. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होत असल्याच्या वार्तेने व्यथित होऊन 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर कठोर टीका केली. ज्या पत्रांच्या आधारे आरोप केले होते ती बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांनी माफी मागितली, तरीही खटला चालला आणि १८८२ साली त्या दोघा पंचविशीतल्या संपादकांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. आजच्या भाषेत सांगायचे, तर त्यांच्या हाती आलेला 'मजकूर' खोटा होता. पण त्यांनी तो मजकूर कोणाकडून आला यामागे लपण्याचा प्रयत्न केला नाही. चूक कबूल केली, शिक्षा सोसली आणि ते पुन्हा लिहू लागले. समाजाने त्यांच्यावरील विश्वास काढून घेतला नाही, उलट तो दुणावला. विश्वासार्हता चुका न करण्याने जितकी मिळते, त्याहून अधिक ती चुकीची किंमत मोजण्याच्या तयारीने मिळते.

येथे कोणी आणीबाणीचा दाखला देईल. १९७५ ते १९७७ या काळात प्रसिद्धिपूर्व नियंत्रणाने वृत्तपत्रांचे तोंड बंद केले, तेव्हा सायक्लोस्टाइलवर काढलेली भूमिगत पत्रके घरोघर पोहोचवली गेली. त्यांच्याखाली तरी कोठे सही होती? आक्षेप रास्त आहे. पण ते पत्रक घेऊन येणारा स्वयंसेवक त्या घराला माहीत होता आणि पत्रकासह पकडला गेला तर 'मिसा'खाली कारागृह आहे हे त्यालाही माहीत होते. त्याने मोजायला काढलेली किंमत हीच त्या पत्रकाखालची सही होती. आजचा अग्रेषित निरोपही ओळखीच्याच माणसाकडून येतो. मामा, शेजारी, शाखेतील मित्र. मात्र तो पाठवताना त्याने कसलीच किंमत मोजलेली नसते, आणि निरोप कोठून आला हे त्याला विचारले तर सांगता येत नाही. विश्वास आपण माणसावर ठेवतो आणि तो खर्ची पडतो एका अनोळखी, अदृश्य हाताच्या वार्तेवर. कासा परिसरात नेमके हेच घडले.

स्वातंत्र्य कोणाचे?

वृत्तपत्रस्वातंत्र्य ही पत्रकार नावाच्या एखाद्या वर्गाची मिरासदारी आहे, असा समज प्रस्थापित वर्तुळात खोलवर रुजला आहे. राज्यघटना तसे म्हणत नाही. तिच्यात 'वृत्तपत्रस्वातंत्र्य' असा स्वतंत्र शब्दप्रयोगच नाही. अनुच्छेद १९(१)(क) प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देतो आणि वृत्तपत्राचे स्वातंत्र्य त्यातूनच निघते. २६ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. एक होता डाव्या विचारांच्या 'क्रॉस रोड्स' या साप्ताहिकाचा, ज्याला मद्रास प्रांतात प्रवेशबंदी होती. दुसरा होता 'ऑर्गनायझर'चा, ज्याच्यावर दिल्लीच्या मुख्य आयुक्तांनी प्रसिद्धिपूर्व तपासणी लादली होती. विचारांची दोन टोके, पण संरक्षण एकच. पुढच्याच वर्षी नेहरू सरकारने पहिल्या घटनादुरुस्तीने या स्वातंत्र्याभोवतीच्या मर्यादा वाढवल्या, हा इतिहासही विसरता येत नाही. नंतर पुण्याच्या 'सकाळ'ने किंमत आणि पृष्ठसंख्या यांची सांगड घालणाऱ्या कायद्याला आव्हान दिले आणि १९६१ साली तो कायदा घटनाबाह्य ठरला.

नागरिकाच्या या स्वातंत्र्याची सर्वांत लक्षणीय कसोटी पालघरमध्येच लागली. नोव्हेंबर २०१२मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहण्याविषयी एका तरुणीने फेसबुकवर मत मांडले, दुसरीने त्याला पसंती दर्शवली आणि दोघींना अटक झाली. बाळासाहेबांविषयी लक्षावधी मराठी मनांत असलेला आदर खरा होता. मत न पटण्याचा अधिकारही खरा होता. अटक मात्र कोणत्याही न्यायात बसणारी नव्हती. त्या प्रकरणानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-क सर्वोच्च न्यायालयासमोर गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात ते रद्दबातल ठरले. तरीही मे २०२२मध्ये अभिनेत्री केतकी चितळे यांना शरद पवार यांच्याविषयीच्या एका समाजमाध्यमी मजकुरासाठी सुमारे ४० दिवस बंदिवास घडला. सत्तेत कोण आहे यावर अटकेचा न्यायान्याय ठरवणाऱ्यांनी ही दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत.

सत्तेइतकेच असहिष्णू काही वेळा माध्यमसमूहही असतात. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरील हल्ल्याच्या वार्तांकनावर नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या एका मराठी ब्लॉगलेखकाने 'एनडीटीव्ही' आणि बरखा दत्त यांच्यावर टीका केली. वाहिनीच्या कायदेशीर नोटिशीनंतर जानेवारी २००९मध्ये त्याला तो लेख मागे घेऊन माफीनामा प्रसिद्ध करावा लागला. बदनामीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क वाहिनीलाही होता, हे मान्य. परंतु हाती अष्टौप्रहर चालणारे प्रक्षेपण असताना तिने उत्तर तेथून का दिले नाही? ज्यांच्यापाशी बोलण्याचे सर्वांत मोठे साधन आहे त्यांनी एकट्या टीकाकाराला वकिलांकरवी गप्प करावे, आणि वर त्याच्या जमातीच्या विश्वासार्हतेविषयी परिसंवाद भरवावेत, हे शोभणारे नाही.

संरक्षण दारापर्यंत पोहोचावे

गडचिंचले प्रकरणावरील कार्यक्रमामुळे 'रिपब्लिक'चे संपादक अर्णब गोस्वामी यांच्यावर देशभर गुन्हे नोंदवले गेले, तेव्हा ते थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकले आणि १९ मे २०२० रोजी न्यायालयाने एकाच कारणासाठीच्या अनेक फिर्यादींपासून त्यांना संरक्षण दिले. हा निकाल योग्यच होता. पण खोडाळ्याचा किंवा जव्हारचा एखादा तरुण रेशन दुकानातील काळाबाजार उघड करतो आणि त्याच्यावर तीन ठिकाणी तक्रारी होतात, तेव्हा तो दिल्लीची वाट कशी धरणार? त्याला जिल्हा न्यायालयात तारखेला जाण्यासाठीही दिवसाची मजुरी बुडवावी लागते.

महाराष्ट्राने २०१७ साली पत्रकार व माध्यमसंस्थांवरील हल्ल्यांना प्रतिबंध करणारा कायदा केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१९मध्ये तो राज्याच्या कायद्यांत समाविष्ट झाला. पाऊल स्तुत्य आहे. परंतु त्यातील व्याख्येनुसार संरक्षण मिळते ते पत्रकारिता हा मुख्य व्यवसाय असलेल्या आणि माध्यमसंस्थेशी नियमित वा कंत्राटी नाते असलेल्या व्यक्तीला. डोंगराळ तालुक्यातील स्वतंत्र वार्ताहर या चौकटीत बसवणे अवघड आहे. धोका मात्र त्यालाच अधिक असतो. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांची फेब्रुवारी २०२३मध्ये वाहनाखाली चिरडून हत्या झाली. छत्तीसगडच्या बिजापूरमधील मुकेश चंद्राकर स्वतःची यूट्यूब वाहिनी चालवत. २०२१ साली माओवाद्यांच्या ताब्यातील केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानाच्या सुटकेसाठी धडपडणाऱ्यांत ते होते. रस्त्याच्या कामातील भ्रष्टाचार उघड केल्यानंतर जानेवारी २०२५मध्ये त्यांचे शव ठेकेदाराच्या आवारातील सेप्टिक टाकीत सापडले. त्यांच्या खिशात कोणते ओळखपत्र होते, याची चर्चा आता कोण करणार? त्यांनी आपल्या नावाने, आपल्या गावात राहून लिहिले आणि दाखवले. एवढे पुरेसे आहे.

कसोटी सर्वांना एकच

तेव्हा आवश्यकता आहे ती ओळखपत्राऐवजी उत्तरदायित्वाच्या कसोटीची, आणि ती संपादकाला व पाड्यावरच्या तरुणाला सारखीच लावली पाहिजे. लिहिणारा घटनास्थळी गेला होता का? ज्याच्यावर आरोप आहे त्याला त्याने विचारले का? लिहिणाऱ्याचे नाव उघड आहे का? आणि चूक निघाली तर दुरुस्ती तेवढ्याच ठळकपणे होईल का? माहिती पुरवणाऱ्याचे नाव गुप्त ठेवणे हे पत्रकाराचे कर्तव्य असू शकते. माहिती प्रसिद्ध करणाऱ्याने स्वतःचे नाव लपवणे ही वेगळी गोष्ट आहे. पहिल्यात दुबळ्याचे संरक्षण आहे, दुसऱ्यात बहुधा पळवाट.

जून २०२५मध्ये मोखाड्याच्या जोगलवाडीतील एका पित्याने मृत अर्भकाचे शव पिशवीत घालून नाशिकहून एस.टी.ने गावी आणल्याची बातमी आली. रुग्णवाहिका मिळाली नाही, असे कुटुंबाचे म्हणणे होते. ती देऊ केली होती, असे रुग्णालयाचे. अशा वेळी दोन्ही बाजू नोंदवणे म्हणजे त्या पित्याच्या दुःखाशी प्रतारणा नव्हे. उलट, दोन्ही बाजू नोंदवलेली बातमी उद्या कोणी खोडून काढू शकत नाही आणि प्रशासनाला तिचे उत्तर द्यावेच लागते. २००५चा माहिती अधिकार कायदा याच कामासाठी हाताशी आहे. रुग्णवाहिकेची नोंदवही, रस्त्याच्या कामाचे अंदाजपत्रक, अंगणवाडीतील पोषण आहाराचा हिशेब यांच्या प्रती मिळवणाऱ्या तरुणाच्या शब्दाला मुंबईतील वृत्तसंपादकालाही मान द्यावा लागतो.

या कामात प्रत्येकाचा वाटा आहे. शासनाने २०१७च्या कायद्यातील व्याख्या विस्तारून स्वतःच्या नावाने सातत्याने लेखन करणाऱ्या स्वतंत्र वार्ताहरांना तिच्यात स्थान द्यावे. तालुका पत्रकार संघांनी अशा तरुणांकडे स्पर्धक म्हणून न पाहता त्यांना शहानिशेचे संस्कार द्यावेत आणि त्यांच्यावर संकट आले तर पाठीशी उभे राहावे. वृत्तपत्रांनी गावातून आलेली चित्रफीत वापरताना ती टिपणाऱ्याचे नाव आणि मोबदला दोन्ही द्यावेत. त्याची मेहनत घेऊन त्यालाच अविश्वसनीय ठरवू नये. जनजाती क्षेत्रात सेवाकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांनी तर पाड्यावरची खरी वार्ता बाहेर जावी आणि खोटी वार्ता पाड्यात शिरू नये, या दोन्ही आघाड्या सांभाळाव्यात. अफवा पसरते त्या रात्री गावात ज्याचा शब्द मानला जातो असा एक माणूस जागा असेल, तर जमावाच्या हातातील काठ्या खाली येऊ शकतात.

राहता राहिला सर्वसामान्य वाचक. त्याच्यापाशी मुद्रणालय नाही, वाहिनी नाही, पण दिवसाकाठी दहा निरोप पुढे पाठवताना तोही प्रकाशकच झालेला असतो. एखादा मजकूर पुढे पाठवण्यापूर्वी त्याखाली स्वतःचे नाव, गाव आणि पत्ता लिहिण्याची आपली तयारी आहे का, हे त्याने मनाशी विचारावे. तयारी असेल तर खुशाल पाठवावा, मग तो सत्ताधाऱ्याला कितीही झोंबो. नसेल, तर तो मजकूर कितीही मनासारखा असला तरी तेथेच थांबवावा.